बिनतारी दूरध्वनी : घरासाठी निवड कशी करावी?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘बिनतारी’ हा शब्द मराठीला नवा नाही. पोलिसांचा बिनतारी संदेश, जहाजावरील बिनतारी यंत्रणा हे शब्दप्रयोग आपल्या आजोबांच्या पिढीनेही वर्तमानपत्रांतून वाचलेले आहेत. दूरध्वनीच्या बाबतीत मात्र हा शब्द थोडा फसवा आहे. दुकानात ‘कॉर्डलेस’ म्हणून जो संच मिळतो, त्याला दोन तारा असतातच. एक दूरध्वनीच्या लाइनची आणि दुसरी विजेची. नाहीशी झालेली असते ती फक्त रिसीव्हर आणि यंत्र यांना जोडणारी वेटोळी दोरी. एक तार गेली आणि तिच्या जागी विजेची एक नवी तार आली, हे ज्याने नीट ध्यानात घेतले त्याला या विषयातील निम्मी गोष्ट समजली, असे मला वाटते.

हातोहाती मोबाइल असताना असल्या दूरध्वनीचा विचार कशाला, असा प्रश्न वाचकमित्रांना पडेल. त्याचे उत्तर आकड्यांतही आहे आणि घरांतही आहे. २००६ च्या सुमारास आपल्या देशात तारेचे दूरध्वनी सुमारे ५ कोटी होते. २०२० पर्यंत ते २ कोटींच्या आसपास उतरले. त्यानंतर मात्र ही संख्या पुन्हा वाढू लागली. याचे कारण लोकांना जुन्या दूरध्वनीची आठवण झाली असे नसून, इंटरनेटसाठी घरोघरी काचतंतूची केबल आली आणि तिच्याबरोबर दूरध्वनीचा क्रमांकही मिळू लागला, हे आहे. छत्रपती संभाजीनगरमध्ये सिडकोपासून सातारा परिसरापर्यंत अनेक घरांच्या भिंतीवर आज केबलची ती पांढरी पेटी दिसते. तिच्या मागे दूरध्वनीचे एक भोकही असते. पण बहुतेक घरांत ते रिकामेच राहते. ०२४० ने सुरू होणारा क्रमांक घरात असतो आणि तो कोणालाच ठाऊक नसतो!

आता घरातील उत्तर. ज्या घरात माझ्यासारखी एकच व्यक्ती महाविद्यालयापर्यंत पोहोचलेली असते, त्या घरात कोणतेही यंत्र आले की खोक्यावरील इंग्रजी वाचण्याचे काम तिच्याकडे येते. आमच्या घरी वडील वाळूजच्या कारखान्यात पाळीने जातात, आई सकाळी कामावर जाते, मी महाविद्यालयात असते. आजी खालच्या खोलीत एकटी असते. स्पर्शाने चालणारा मोबाइल तिला वश होत नाही. बोट जरा जास्त वेळ टेकले की काहीतरी भलतेच उघडते आणि मग ती तो उशाखाली ठेवून देते. तिला हवा असतो तो बटणे असलेला, उचलला की बोलता येणारा आणि अंथरुणापाशी असणारा फोन. अशी आजी किंवा आजोबा या शहरातील हजारो घरांत असतील. म्हणून या विषयाची मी जी माहिती मिळवली ती येथे मांडत आहे.

थोडा इतिहास

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट ७ मार्च १८७६ रोजी मिळाले. त्यानंतर सहा वर्षांच्या आत, म्हणजे जानेवारी १८८२ मध्ये, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. तारेशिवाय संदेश जाऊ शकतो हे दाखविणाऱ्यांत तर आपले जगदीशचंद्र बोस अग्रभागी होते. १८९५ च्या सुमारास त्यांनी कलकत्त्यात विद्युतचुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली होती. या दोन शोधांची गाठ घरगुती दूरध्वनीत पडायला मात्र बराच काळ लागला. अमेरिकेत जॉर्ज स्वायगर्ट यांना अशा दुतर्फी बिनतारी दूरध्वनीचे पेटंट १९६९ साली मिळाले आणि १९८० नंतर हे संच तेथे सर्वसामान्य घरांत पोहोचले. त्या काळात आपल्याकडे दूरध्वनीची जोडणी मिळण्यासाठीच वर्षानुवर्षे थांबावे लागत असे. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, गावोगाव पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले, ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिले मोबाइल संभाषण झाले. इतक्या वेगाने पाने उलटली की बिनतारी संचाचे पान आपल्या बहुतेक घरांनी वाचलेच नाही.

यंत्र चालते कसे?

या संचाचे दोन भाग असतात. एक ‘बेस’, म्हणजे तळयंत्र, जे दूरध्वनीच्या लाइनला आणि विजेला जोडलेले असते. आणि दुसरा हातात धरायचा हँडसेट. दोघांतही एकेक लहानसे रेडिओ केंद्र असते व ते एकमेकांशी बोलतात. बाहेरच्या जगाशी बोलण्याचे काम फक्त तळयंत्र करते.

जुने संच ४६ व ४९ मेगाहर्ट्झच्या आसपास चालत. त्यांत आवाज जसाच्या तसा लहरीवर बसवून पाठविला जाई. त्यामुळे शेजारच्या घरातील तसाच संच असला तर त्यांचे बोलणे आपल्याकडे आणि आपले त्यांच्याकडे ऐकू जाण्याचा संभव असे. आजच्या चांगल्या संचांवर ‘डेक्ट’ असे लिहिलेले असते. हे युरोपात १९९२ च्या सुमारास ठरलेले मानक असून ते १८८० ते १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. त्यात आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून त्याचे बारीक तुकडे पाठविले जातात. आपल्या शहरात नळाला पाणी जसे वसाहतवार पाळीने सुटते, तशीच येथेही पाळी असते. प्रत्येक वाहिनीवर वेळेचे २४ कप्पे, त्यांतील १२ जाण्याचे आणि १२ येण्याचे. फरक एवढाच की पाण्याची पाळी काही दिवसांनी येते आणि येथे प्रत्येकाची पाळी सेकंदाला १०० वेळा येते. म्हणून बोलणे तुटल्यासारखे वाटत नाही. अशा १० वाहिन्या असतात व जी मोकळी असेल ती यंत्र आपणहून निवडते. एकाच इमारतीत अनेक घरी असे फोन असले तरी एकमेकांना अडथळा होत नाही तो याचमुळे.

काही संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. घरातील वायफाय आणि ब्लूटूथ यांचेही मुख्य वस्तीस्थान तेच आहे. मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच्या जवळच चालते. एकाच अरुंद गल्लीत सर्वांनी गाड्या लावल्यावर जे होते तेच येथे होते. तेव्हा खोक्यावर ‘डेक्ट’ किंवा ‘१.९ गिगाहर्ट्झ’ लिहिलेले आहे का, हे आधी पाहावे.

पल्ला आणि भिंती

खोक्यावर ‘३०० मीटर’ असे ठळक छापलेले असते. हा आकडा खोटा नसतो, पण तो मोकळ्या मैदानातला असतो. घरात तो ५० मीटर किंवा त्याहूनही कमी होतो. डेक्टच्या लहरीची लांबी सुमारे १६ सेंटिमीटर असते. अशी आखूड लहर विटेच्या भिंतीतून कमीअधिक प्रमाणात पार होते. मात्र स्लॅबमधील लोखंडी सळ्या, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट आणि जाड दगडी भिंत यांपुढे ती थकते. जुन्या शहरातील दगड-चुन्याच्या घरांत आणि सिडकोच्या लहान घरांत एकच संच वेगळा वागतो, तो यासाठीच.

यावर उपाय सोपा आहे. तळयंत्र घराच्या मध्यभागी, उंचावर, लोखंडी कपाटापासून व टीव्हीपासून दूर ठेवावे. दोन मजली घरात ते जिन्याजवळ ठेवल्यास जिन्याच्या मोकळ्या जागेतून लहरींना वाट मिळते. घेतल्या दिवशीच कोणाशी तरी बोलत घरभर, न्हाणीघरापर्यंत आणि गच्चीपर्यंत फिरून पाहावे. आवाज कोठे तुटतो ते कळले म्हणजे जागा बदलता येते, आणि बदलूनही भागले नाही तर मुदतीत संच परत करता येतो. परत घेण्याची मुदत किती, हे पावती घेतानाच विचारावे.

वीज गेल्यावर काय?

माझ्या मते या सर्व विषयात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि दुकानात तो क्वचितच निघतो.

जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला घरची वीज लागत नसे. दूरध्वनी केंद्रातून सुमारे ४८ व्होल्टचा दाब त्याच तारेतून येई आणि केंद्रात मोठे विद्युतघट व जनित्र असल्यामुळे, गावात अंधार झाला तरी फोन चालू राही. बिनतारी संचाचे तळयंत्र मात्र घरच्या विजेवर चालते. वीज गेली की ते बंद पडते. हँडसेटमधील बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तो मुका होतो, कारण त्याचे बोलणे पुढे नेणारे कोणी उरत नाही.

काचतंतूने यात आणखी एक भर घातली आहे. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणजे केंद्राने मनात आणले तरी त्या केबलमधून तो आपल्या फोनला वीज पुरवू शकत नाही. भिंतीवरील पेटी बंद पडली की तिला जोडलेला साधा तारेचा फोनसुद्धा बंद. पावसाळ्यात वादळ झाले, झाड पडले आणि रात्रभर वीज गेली, तर ज्या वेळी फोनची खरी गरज असते त्याच वेळी तो नसतो. घरात म्हातारे माणूस एकटे असेल तर ही गोष्ट साधी नव्हे.

यावर तीन उपाय आहेत. घरात इन्व्हर्टर असल्यास केबलची पेटी आणि तळयंत्र ही दोन्ही त्यावर घ्यावीत; दोघांचा विजेचा खर्च एका लहान दिव्याइतकाच असतो. इन्व्हर्टर नसेल तर पेटीसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो काही तास पुरतो. आपल्या पेटीच्या अॅडॉप्टरवर किती व्होल्ट व किती अँपिअर लिहिले आहेत ते वहीत उतरवून दुकानात जावे. आणि तिसरा, घरात एक साधा तारेचा फोन ठेवावाच. छोट्या यूपीएसवर पेटी चालू राहिली की हा फोन त्या पेटीतूनच लागणारी थोडीशी वीज घेतो व चालतो. ज्यांच्याकडे अजून तांब्याची तार आहे त्यांना तर यूपीएसचीही गरज नाही. तळयंत्रावरच तारेचा रिसीव्हर असलेले जोडसंचही निघतात. पण वीज गेल्यावर तो रिसीव्हर चालतो की नाही, हे दुकानात प्लग काढून पाहावे.

बॅटरी

हँडसेटमध्ये बहुधा ‘एएए’ आकाराच्या दोन निकेल-मेटल-हायड्राइड बॅटऱ्या असतात, प्रत्येकी १.२ व्होल्टच्या. घड्याळात घालतो त्या साध्या बॅटऱ्या आकाराने अगदी तशाच असतात. परंतु त्या पुन्हा भरण्यासाठी केलेल्या नसतात. हँडसेट तळयंत्रावर ठेवला की त्यांच्यात वीज शिरू लागते, त्या तापतात, गळतात, प्रसंगी फुटतात. घरातील सर्वांना हे सांगून ठेवले पाहिजे. बॅटरीवर ‘एमएएच’ हा आकडा असतो; ४०० पेक्षा ७०० ची बॅटरी जास्त वेळ टिकते. ठरावीक बनावटीचीच पेटीसारखी बॅटरी लागणारा संच टाळावा, कारण दोन-तीन वर्षांनी ती मिळाली नाही तर चांगला संच अडगळीत जातो. संपलेल्या बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नयेत. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांतील कॅडमियम हा विषारी धातू आहे. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा होतील हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

जोडसामान

पहिले जोडसामान म्हणजे दुसरा हँडसेट. एकाच तळयंत्राला अनेक हँडसेट जोडता येतात व त्यांच्यात घरातल्या घरात फुकट बोलताही येते. वरच्या मजल्यावरून आजीला हाक मारण्यापेक्षा हे बरे. संचावर ‘गॅप’ असे लिहिलेले असेल तर दुसऱ्या कंपनीचा हँडसेटही साध्या बोलण्यापुरता जोडता येतो.

दुसरे, ब्लूटूथ. दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ या राजाचे नाव या तंत्राला दिलेले आहे. याचा पल्ला सर्वसाधारणपणे १० मीटर. काही बिनतारी संच ब्लूटूथने मोबाइलला जोडता येतात. मग मोबाइलवर आलेला फोनही हँडसेटवर घेता येतो. ज्या घरात मोबाइलला फक्त खिडकीपाशीच रेंज मिळते, तेथे मोबाइल खिडकीत ठेवून आतल्या खोलीत बोलण्याची ही युक्ती फार उपयोगी आहे.

तिसरे, सिमकार्ड घालून चालणारा टेबलफोन. लाइन नसलेल्या घराला हा चांगला. त्याच्यात बॅटरी असल्याने वीज गेली तरी काही वेळ चालतो. घेताना मात्र तो कोणत्या पिढीच्या जाळ्यावर चालतो ते पाहावे. स्वस्त संच पुष्कळदा फक्त २-जीचे असतात, आणि जिओचे २-जी जाळे नाहीच. तेव्हा त्यांत जिओचे सिम चालत नाही.

चौथे, बिनतारी चार्जर. तो मोबाइलचा प्रकार आहे आणि त्यालाही भिंतीपर्यंत तार असतेच. काही मिलिमीटर अंतरातून तो वीज देतो व त्यात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. सोय म्हणून ठीक, गरज म्हणून नव्हे.

परदेशातून आलेली भेट

अनेक घरांत नातेवाईक अमेरिकेहून येताना असा संच आणतात. त्यावर ‘डेक्ट ६.०’ लिहिलेले असते आणि तो चकचकीत दिसतो. पण अमेरिकेतील डेक्ट १९२० ते १९३० मेगाहर्ट्झमध्ये चालतो, आणि आपल्याकडे १९२० ते १९८० हा पट्टा मोबाइल सेवेचा आहे. तेव्हा आपल्या घरातील संभाषणाचा त्रास परिसरातील मोबाइलधारकांना होऊ शकतो. शिवाय तेथील वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. अॅडॉप्टरवर दोन्ही दाब लिहिलेले नसतील तर तो क्षणात जळतो. भेटीचा आदर ठेवावा, पण संच लावू नये.

कोणासाठी घ्यायचा?

पैठण गेटच्या बाजारात मी तीन दुकाने फिरले. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता, “ताई, किती रुपयांपर्यंतचा दाखवू?” साधा संच दोन-तीन हजारांत येतो, तेव्हा प्रश्न गैर नव्हे. पण त्याआधीचा प्रश्न ‘वापरणार कोण?’ हा आहे. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याला पडद्यावरील इंग्रजी सूचनांचा काय उपयोग? त्याला मोठी बटणे हवीत, कर्कश न होता वाढणारा आवाज हवा आणि एका बटणाने लागणारे क्रमांक हवेत. त्या बटणांवर मुलाचा, सुनेचा, नातीचा लहान फोटो किंवा रंगीत टिकली चिकटवली की वाचनाची गरजच उरत नाही.

येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. म्हणून बटणावर क्रमांक साठवतानाच शून्यासह साठवावा. १०८ ही रुग्णवाहिका आणि ११२ ही तातडीची मदत, यांना मात्र शून्य नको. हे दोन क्रमांकही एकेका बटणावर असावेत.

संच निवडण्याची खरी परीक्षा दुकानदाराच्या किंवा आपल्या हाती घेऊ नये. जमल्यास आजीलाच दुकानात न्यावे, संच तिच्या हाती द्यावा आणि काहीही न सांगता पाहावे. फोन घेण्याचे बटण तिला सापडले, आवाज ऐकू आला आणि परत ठेवता आला, तर तो संच आपल्या घरचा.

सुरक्षितता

डेक्टमध्ये बोलणे गुप्त लिपीत जाते खरे; पण २००८ साली बर्लिन येथील परिषदेत संशोधकांनी अनेक संचांतील ही गुप्तता कच्ची असल्याचे दाखवून दिले. तेव्हा बँकेचे गुपित कोणत्याच फोनवर बोलू नये. लहरींच्या आरोग्यावरील परिणामांचीही चर्चा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ साली रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले. म्हणजे पुरावा मर्यादित आहे, पण शंका पूर्ण मिटलेली नाही. डेक्ट हँडसेटची सरासरी शक्ती सुमारे १० मिलिवॅट, म्हणजे फारच थोडी असते. तरी तळयंत्र उशाशी न ठेवणे एवढी काळजी घेण्यास काहीच खर्च येत नाही. अॅडॉप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी खूण आहे की नाही, हे मात्र पाहायलाच हवे.

वरील सर्व विवेचनात मला कोठेही मोठे गणित लागले नाही. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनाच असली यंत्रे समजतात, अशी आपल्या कला शाखेत एक समजूत आहे. ती मला पटत नाही. खोक्यावरचे वाचणे, त्यातले जाहिरातीचे किती आणि कामाचे किती हे वेगळे करणे आणि घरातल्या माणसाची गरज ओळखणे, हे शेवटी अर्थ लावण्याचेच काम आहे, आणि ते आपण वर्गात रोज करतो. ज्यांच्या घरी भिंतीवरील त्या पांढऱ्या पेटीमागचे भोक रिकामे आहे, त्यांनी येत्या सुट्टीत आपला क्रमांक कोणता ते शोधून काढावे, एखादा साधा फोन लावून तो चालतो का ते पाहावे आणि मग वीज बंद करून पुन्हा एकदा पाहावे.